मुख्यालयी मुक्काम

मंजिरी दिघे शिक्षण अधिकारी झाली तेव्हा जुनी इंदूर मोहल्ल्यातल्या गल्लीत पेढे वाटले ते तिच्या वडिलांनी, बाबूरावांनी. ऑफिस दीड तासावरच्या तहसिलीच्या गावी. रोज बसने जायचं, संध्याकाळी परतायचं. तिने लग्न केलं नव्हतं, आई गेलेली. दिवसा शेजारच्या सखुबाई बाबूरावांजवळ बसायच्या, कारण अलीकडे ते विसरू लागले होते.

मग वरून आदेश आला: शाळांच्या अधिकाऱ्यांनी मुख्यालयीच, म्हणजे नेमणुकीच्या गावीच राहायचं. मंजिरीला त्यात गैर वाटलं नाही. इंदूरहून ये-जा करणाऱ्या शिक्षकांना तिनेच नोटिसा दिल्या होत्या. तरी वडिलांसाठी सूट मागायला ती जिल्हा कार्यालयात गेली.

"मॅडम, आप ही नहीं रहेंगी तो टीचर से किस मुँह से बोलेंगी?" साहेब म्हणाले.

तहसिलीच्या गावी शाळेमागे दोन खोल्या भाड्याने घेऊन ती बाबूरावांना तिकडे घेऊन गेली. पहिल्याच संध्याकाळी ते पिशवी घेऊन दाराशी उभे.

"मंजू, चल ना बेटा. झाली ना तुझी मीटिंग? घरी जाऊ."

"बाबा, आता हेच घर."

"काय मजाक करतेस!"

रोज हेच. दिवसभरासाठी बाई मिळेना, म्हणून ती बाहेरून कुलूप लावून शाळा तपासायला जाई. एका दुपारी कुलूप नीट लागलं नाही. बाबूराव हायवेवर सापडले, अनवाणी, ट्रकवाल्यांना जुनी इंदूरचा रस्ता विचारताना. रुपाली नावाच्या शिक्षिकेने त्यांना ओळखलं आणि स्कूटरवर बसवून मंजिरीकडे आणलं. याच रुपालीला, तान्ह्या बाळापायी इंदूरहून ये-जा करते म्हणून, मंजिरीने नोटीस दिली होती.

रुपाली पाणी प्यायली आणि निघून गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर मंजिरीला बरं वाटलं असतं.

तिने बदली मागितली. उत्तर आलं नाही. दिवाळीपर्यंत बाबूरावांनी घरी जायचं म्हणणंच सोडलं. सुट्टीत ती त्यांना जुनी इंदूरला घेऊन आली. सखुबाईंनी घर झाडून ठेवलं होतं. बाबूराव खुर्चीच्या कडेवर पाहुण्यासारखे टेकले.

"कुणाकडे आलोय आपण?" त्यांनी हळूच विचारलं.

सखुबाई डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

सुट्टी संपली तशी मंजिरीने त्यांना हात धरून बसमध्ये बसवलं. ते मुकाट चढले. आता कुठेही न्या, ते तसेच येत.