एका शनिवारी काढलेली चार वर्षं

माझ्या कॉलेजच्या अल्बममध्ये मी कुठेच नव्हते. आर्किटेक्चरला लागल्यावर सरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, नजरेत भरेल त्याचे फोटो काढत जा. माझ्या नजरेत जिने, पन्हाळी आणि भिंतीचे कोपरे भरायचे. त्यांचे प्रिंट काढून मी जाड काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटवत गेले. डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका काचेच्या इमारतीवरून ओघळणारं पाणी, स्टुडिओच्या छताला आलेली ओल, एका चर्चमागची गटाराची जाळी. माणसं अधूनमधून होती, पण मापापुरती. दार किती उंच आहे ते कळावं म्हणून शेजारी उभी केलेली.

चौथ्या वर्षी आईने तो अल्बम पहिल्यांदा उघडला, कारण नागपूरहून आत्या येणार होती. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. तिची नात तिकडे इंजिनिअरिंगला होती आणि तिचे गॅदरिंगचे, ट्रिपचे, साडी डेचे फोटो फॅमिली ग्रुपवर सतत यायचे. त्यावर आईने फोनवर सांगून टाकलं होतं, आमच्याकडे तर छापलेला अल्बम आहे.

डब्लिनजवळच्या लिक्सलिप गावातल्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आईने एकेक पान उलटलं.

"ही मोरी कुणाची?"

"मोरी नाही गं, ड्रेनेजचं डिटेल आहे."

"आणि हा माणूस?"

"तो स्केलसाठी."

"पण आहे कोण?"

"माहीत नाही."

तिने अल्बम मिटला. "चार वर्षं सकाळच्या ट्रेनने डब्लिनला जाते," ती बाबांना म्हणाली, "आणि मोऱ्या बघून येते." बाबा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यातून नुकतेच शिफ्ट संपवून आले होते. ते चहा घेऊन वर गेले.

पुढच्या शनिवारी आई चाकांची बॅग ओढत माझ्यासोबत कॉलेजात आली. चारही वर्षांचे फोटो एका दिवसात काढायचे होते, म्हणून बॅगेत दर वर्षाचे दोन जोड याप्रमाणे माझे कपडे होते, शिवाय बाबांचा एक स्वेटर, थंडी वाजली तर म्हणून. स्टुडिओत वर्गातला एकच मित्र होता. तो पश्चिमेकडच्या कासलबार गावचा, म्हणून आमच्यासाठी कासलबारच; सव्वासहा फूट उंच, लाल दाढीवाला. पुठ्ठ्याचं एक वाचनालय चिकटवत बसला होता. मी आईला "आई, बॅग इथे ठेव" म्हटलेलं त्याने ऐकलं आणि तिचं नाव आई आहे असं समजून हात पुढे केला. "नमस्कार, आई," असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला. आई खूश झाली. ते गोड वाटलं म्हणून मीही त्याला काही सांगितलं नाही.

पहिल्या वर्षाला मी वेणी घातली आणि ड्रॉइंग बोर्डाशी वाकले. दुसऱ्या वर्षी केस मोकळे सोडून लायब्ररीत गेले. तिसऱ्या वर्षी लाल कोट घालून नदीकाठी उभी राहिले.

"हस की, ट्रिपला आली आहेस."

"पाऊस पडतोय, आई."

"इथे ट्रिपला पाऊसच असतो. हस."

चौथ्या वर्षी तिने मला स्वतःचा चष्मा लावला. शेवटी शेवटी मुलं गंभीर होतात, असं तिचं म्हणणं. मग मोबाइलवर सगळे फोटो पाहताना तिच्या लक्षात आलं की मी सगळीकडे एकटीच आहे. "ताईंना वाटेल, हिचं कुणाशी पटतच नाही." त्यामुळे सगळं पुन्हा काढायचं ठरलं आणि कासलबारला सामील करून घेण्यात आलं. एका वर्षी त्याच्या हातात मोजपट्टी दिली, एका वर्षी पुस्तक, एका वर्षी छत्री, आणि चौथ्या वर्षी बाबांचा स्वेटर त्याच्या अंगात घातला. त्याच्या बाह्या त्याच्या कोपरापाशीच संपत होत्या. त्याला मजा येत होती. "ग्रँड," म्हणजे झकास, असं तो दर फोटोनंतर म्हणायचा, आणि आई त्याला आणखी एक पोज सांगायची.

आत्या आली. पहिल्याच दुपारी आईने नवा कोरा, छापलेला अल्बम तिच्या मांडीवर ठेवला. आत्याने चष्मा पुसला आणि उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी पानं पाहिली.

"हा उंच पोरगा हरेक फोटोत काय करून राहिला?"

आईने हा विचार केलाच नव्हता. तिला काय सुचलं कोण जाणे. "तो मॉडेल करतो," ती म्हणाली.

आत्याने त्या पानावर बोट ठेवलं. "असल्या स्वेटरमध्ये?"

"तसं नाही, पुठ्ठ्याचं मॉडेल," मी म्हणाले.

"हा स्वेटर मी विणला आहे," आत्या म्हणाली. "माझ्या भावासाठी."

बाबा वर्तमानपत्र चाळत होते, ते चाळणंही त्यांनी थांबवलं. आत्याने अल्बम मिटून बाजूला ठेवला. "त्या पोराला उद्या जेवायला बोलवा. बघू तरी."

तो आला. सोबत घरचा ब्रेड आणि आईसाठी फुलं. भरली वांगी त्याने दोनदा घेतली. आत्या त्याच्याशी स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत बोलत होती. घरी कोण असतं, तर त्याची आई कासलबारच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स, वडील मेंढ्या पाळतात. पुढे काय करणार, तर गावातच ऑफिस काढायचं आहे. मग ती म्हणाली, "अंगठा दाखव."

त्याने दाखवला. अंगठ्यावर पट्टी होती.

"चारही वर्षांच्या फोटोंत तुझ्या अंगठ्याला पट्टी आहे. एवढी चिघळलेली जखम डॉक्टरला दाखवायला नको?"

"चार वर्षं कुठली, मागच्या आठवड्यात पुठ्ठा कापताना लागलं," तो निरागसपणे म्हणाला. मग आईकडे वळला. "त्याच शनिवारी आपण फोटो काढले, नाही का, आई?"

आत्याचा हात ताटावरच थांबला. फोटो खोटे होते हे तिला कळलंच होतं. पण हा मुलगा माझ्या आईला आई म्हणतो, हे नवीन होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने मान खाली घातली आणि मला सगळं सांगावं लागलं, त्याला ते नाव वाटतं इथपर्यंत. मी तेच त्याला इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्याची दाढी आणि चेहरा एकाच रंगाचे झाले. आत्या इतकी हसली की बाबांना तिला पाणी आणून द्यावं लागलं. तिच्या मागून आईही हसायला लागली, जरा उशिरा, पण मोकळेपणाने.

जेवणानंतर आत्या म्हणाली, "आता खरा आण."

मी काळा अल्बम आणला. मोरीच्या पानावर ती बराच वेळ थांबली आणि पाणी नेमकं कुठून कुठे जातं ते विचारत राहिली. नागपुरात तिची गच्ची दर पावसाळ्यात गळायची. तिला गच्चीवर एक खोलीही काढायची होती. "तुम्ही दोघं काढून द्या," ती म्हणाली. माझं आणि कासलबारचं ते पहिलं खरं काम.

आम्ही जीव ओतून नकाशे केले. उतार, पन्हाळ, सगळं. आणि आम्हाला शिकवलं होतं तशी दक्षिणेपासून पश्चिमेपर्यंत भिंतभर काचेची खिडकी दिली, हिवाळ्यातला प्रत्येक किरण आत यावा म्हणून. तिकडच्या ठेकेदाराने नकाशाबरहुकूम बांधकाम केलं.

मे महिन्यात आत्याचा फोन आला. छत थेंबभर गळत नाही, म्हणाली. "पण बाई, इथं ऊन बोलवायचं नसतं, हाकलायचं असतं. तुमच्या खोलीत पापड दोन तासांत वाळतात. माणूसही वाळेल."

तिने अर्ध्या काचेपुढे वाळ्याचा पडदा लावला, उरलेल्या अर्ध्या जागेत कूलर बसवला आणि आता ती दुपारी तिथेच झोपते. कासलबारला मी कूलरचा फोटो पाठवला. त्याने लगेच विचारलं, त्याचं पाणी कुठे जातं. तो आता गावीच काम करतो, गेल्या वर्षी त्याचं लग्नही झालं. माझ्या आईला तो अजून आईच म्हणतो आणि दिवाळीत ती त्याला पोस्टाने चिवडा पाठवते.