सीटी स्कॅनवाले सरदारजी

सीटी स्कॅनच्या खोलीतल्या सरदारजींचं नाव मी कधीच विचारलं नाही. ह्यांच्या पोटातल्या गाठीमुळे दर तीन महिन्यांनी आम्ही त्यांच्याकडे जायचो. "साँस रोको जी" म्हणाले की काचेपलीकडे ते स्वतःही श्वास रोखून धरत, आणि "छोड़ो" म्हणताना ह्यांच्याआधी सोडत. फिल्मबद्दल विचारलं की एकच उत्तर, "डॉक्टर साब बताएँगे." वीज मात्र जिवापाड जपत. खोलीबाहेर पाऊल टाकायचं तर आधी दिवा बंद, मग आत आम्ही चाचपडलो तरी चालेल. मला त्याचा रागच यायचा.

एकदा दुपारी अचानक कर्फ्यू लागला. स्कॅन झाला होता, पण डॉक्टर वाटेत अडकले. रिपोर्ट कधी मिळेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. सरदारजींनी फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली, दोन्हींवर लाल पेन्सिलीने गाठीभोवती गोल काढला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मैं चाय लेके आता हूँ, भैणजी."

नवा गोल जुन्याच्या निम्मासुद्धा नव्हता. सरदारजी दिवा चालू ठेवून गेले होते.