फळ्यावरचे शेवटचे नाव

“दुखणे आले आणि साहेब मवाळ झाले,” असे आमचे जुने सहकारी सोनवणे परवा लग्नाच्या पंगतीत माझ्याबद्दल सांगत होते. हे साफ खोटे आहे.

नातवाच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास आला की चाकणच्या कारखान्यातली ती दुपार आजही समोर उभी राहते. मी तपासणी विभागाचा प्रमुख होतो. ज्याच्या हातून चूक होई, त्याचे नाव मी खडूने फळ्यावर लिहीत असे. त्या दिवशी जाडी मोजायचा मायक्रोमीटर शून्यावर आहे की नाही, हे न पाहताच मी चांगला माल नापास मालाच्या लाल पेटीत टाकला. नियमाप्रमाणे फळ्यावर स्वतःचे नाव लिहिले; मग जेवणाचा डबा उघडवेना.

फळ्यावर सर्वाधिक वेळा झळकलेला ऑपरेटर गायकवाड चहा घेऊन आला. “या साहेब, आमच्यात बसा. पहिल्या दिवशी जेवण जात नाही, चहा जातो.”

मला हसू आले. मनाशी म्हणालो, चुकलास. आता माल पुन्हा तपास. स्वतःशी इतक्या सौम्यपणे मी पूर्वी कधीच बोललो नव्हतो. एवढे शब्द इतरांनाही पुरले असते, हे तेव्हा उमगले.

दुखणे त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले. सोनवण्यांनी एवढेच आठवावे: त्या फळ्यावर माझ्यानंतर कोणाचेही नाव लागले नाही.