जावयाला कोण विचारणार?

तुळशीराम आबा गेल्याचं मला फ्लेक्सवरून कळलं. मार्केट यार्डाच्या चौकात आबांचा फोटो, खाली 'कामगारांचा पहाड कोसळला', आणि शेजारी आबांपेक्षा जरा मोठ्या फोटोत शोकाकुल अध्यक्ष कैलास. याच कैलासने आबांवर भ्रष्टाचाराचा आरोप करून हमाल संघटनेची निवडणूक जिंकली होती. आबा पहाड आहेत हे त्याच्या लक्षात यायला जरा उशीर झाला, एवढंच...

आबा धुळ्याकडून जळगावात हमालीला आले आणि पुढे कित्येक वर्षं अध्यक्ष राहिले. निवडणूक म्हणजे झाडाखाली हात वर करायचे आणि चहा प्यायचा. मी कॉलेजात शिकवायचो आणि संघटनेचे अर्ज लिहून द्यायचो. माझ्या अर्जांनी काही घडल्याचं आठवत नाही. आबा मात्र अडत्याच्या दुकानात जाऊन नुसते उभे राहायचे, "शेठ, काटा परत लावा," म्हणायचे, आणि शेठ लावायचे.

मग हमालांनी वर्गणी काढून विश्रांतीसाठी शेड बांधायचं ठरवलं. आबांनी काम यावलच्या जावयाला, सुरेशला दिलं, कोणाला न विचारता. घरचा माणूस फसवणार नाही, हा त्यांचा हिशोब. पहिल्याच वादळात पत्रे उडाले, आणि खाली पडल्यावर दिसलं की ते जुनेच होते, वरून रंग मारलेले. पैसे नव्या पत्र्यांचे घेतलेले. कैलासला प्रचारासाठी आणखी काही शोधावं लागलं नाही.

मी आबांना म्हटलं, "जावयाला सभेत बोलवा. सगळ्यांसमोर विचारा."

"सर, जवाईले हिसाब इचारतस का कुठे?"

"शेठला विचारता की."

"शेठना घर मनी पोर देयेल नही शे."

मुलगी ज्या घरात नांदते, त्या घरापुढे बापाने मान वर करायची नाही, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. ते सगळ्यांना येतंच.

त्या वर्षी झाडाखालची निवडणूक संपली आणि खरी निवडणूक आली. एक पॅनल 'प्रामाणिक', दुसरं 'खरे प्रामाणिक'. दोन्ही बाजूंना सारखाच निरुपयोगी वाटल्यामुळे निवडणूक अधिकारी मी. आबा थोडक्या मतांनी पडले. ज्यांनी आयुष्यात पोतं उचललं नाही अशांची नावं मतदार यादीत घुसवली आहेत, असा त्यांच्या बाजूच्या लोकांनी गलका केला. कोर्टात जाऊ म्हणाले. आबांनी चप्पल पायात सरकवली. "कोर्टबी पहिले शेडनंच इचारी," म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ट्रकपाशी उभे होते, इतरांच्या पाठीवर पोती चढवून द्यायला. कैलासच्या गटातला शालिक वाकून समोर आला आणि तसाच अडखळला. "आबा, मत नही दिनं तुमले."

"मंग काय चढाडू? पोतं का मत?"

सगळे हसले. शालिक हसला नाही.

आबांनी पैसे खाल्ले नाहीत, याची मला खात्री आहे. पण हमालांच्या पैशापेक्षा त्यांनी जावयाचा मान जपला, हेही खरं. ज्याला भर उन्हात पाठ टेकायला जागा नाही, त्या माणसाला या दोन्हींतला फरक कसा समजावून सांगायचा, ते मला अजून सुचलेलं नाही...

परवा आबांच्या महिन्याच्या जेवणाला पिंप्राळ्याच्या घरी गेलो. दाराजवळ ते ज्या जागी पाठ टेकून बसायचे, तिथे भिंतीचा रंग काळपट झाला आहे. त्या जागी त्यांची मुलगी, सुरेशरावांची बायको मंगला बसली होती. सुरेशराव आले. सगळे उठले, कोणी खुर्ची पुढे केली, कोणी पंखा त्यांच्याकडे वळवला. मंगला उठली नाही.

"तुम्ही ते पत्रे कुठून आणले होते?" तिने विचारलं.

"हे आता? इथं, पाहुण्यांत?"

"आबांनी नाही विचारलं. मी विचारते."

कोणी तरी "अगं, जेवणं होऊ दे," म्हणालं. सुरेशरावांनी माझ्याकडे पाहिलं; मी निवडणूक अधिकाऱ्याच्या जुन्या सवयीने कोणाकडेच पाहिलं नाही. मंगलाने पाठ भिंतीला, बरोबर त्या डागावर टेकली आणि उत्तराची वाट पाहत बसून राहिली.