एक चकती कमरख

देमाकजवळच्या त्या गावात कमरख कुणी विकत घेत नसे. घरोघरी झाड होतंच, आणि कास्मुरीच्या अंगणातलं तर सगळ्यात गोड. कोवळ्या फळांना माशी लागू नये म्हणून तो एकेका फळाला पिशवी बांधायचा. पिकून पिवळीधमक झाली की त्याची बायको वागियेम ती घेऊन दर्ग्याच्या रस्त्यावर बसायची. यात्रेकरूंसमोर फळ आडवं कापून चांदणीसारखी चकती पुढे करायची. "खाऊन बघा! माझ्या नवऱ्यापेक्षा गोड आहेत, आणि कुरकुरही करत नाहीत!"

कास्मुरीला रक्तदाब होता. गावात सगळेच करतात तसं वागियेम त्याला रोज सकाळी कमरखाचा रस द्यायची. अशी कित्येक वर्षं गेली. मग त्याचे पाय सुजायला लागले, दम लागायला लागला. सेमारांगच्या इस्पितळात कळलं की दोन्ही मूत्रपिंडं गेल्यात जमा आहेत. आता रक्त मशीनवर धुऊन घ्यायचं, जन्मभर.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं. मीठ कमी, पाणी अगदी मोजकं. "आणि बू," त्या वागियेमला आदराने म्हणाल्या, "कमरख बंद. एक फोडसुद्धा द्यायची नाही."

वागियेमला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. "घरच्या झाडाची आहेत हो. आम्ही फवारणीसुद्धा करत नाही."

"फवारणीचं नाही म्हणत मी. फळातच विष असतं. तुमची-माझी मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. यांच्या अंगात ते साचेल आणि थेट मेंदूत जाईल."

परतीच्या बसमध्ये कास्मुरी हसत होता. "मी त्या झाडाखाली रांगलो. आणि ते मला मारणार म्हणे!"

रस बंद झाला, पण तहान काही बंद होईना. दिवसाचं पाणी दुपारपर्यंतच संपायचं. मग तो ओलं फडकं ओठांवर धरून बसायचा. "बुने," तो म्हणायचा. पोरीच्या जन्मापासून तो बायकोला अशीच हाक मारायचा, पोरीची आई म्हणून; आणि ती त्याला पाकने म्हणायची, पोरीचा बाप. "एक चकती दे गं. गिळत नाही, नुसती चोखतो."

"गप्प बसा, पाकने. लहान मूल आहात का?" ती वसकन ओरडायची आणि चुलीपाशी जाऊन डोळे पुसायची.

एका दुपारी ऊन नुसतं भाजून काढत होतं. त्या दिवशी त्याने मागितलं नाही. पाटीतल्या फळांकडे बघत कोरडाच आवंढा गिळला. ते तिला बघवलं नाही. तिने सुरी घेतली आणि स्वतःच्या हाताने एक चकती त्याच्या तोंडात घातली. त्याने डोळे मिटले. रस हनुवटीवरून ओघळला. मग तिने आणखी एक दिली, मग उरलेलं सगळं फळ.

संध्याकाळी उचकी लागली. "पथ्य मोडलं ना, म्हणून," ती त्याला चिडवत म्हणाली. साखर दिली, श्वास धरायला लावला, पाठीवर थोपटलं. उचकी थांबेना. सकाळी तो तिच्याकडे बघून म्हणाला, "आई, गाय बांधली का?" त्यांच्याकडे गाय कधीच नव्हती.

शेजारच्या पारसिहच्या नवऱ्याने टेम्पो काढला. इस्पितळात पोचेपर्यंत कास्मुरीचे हात झटके देऊ लागले होते.

"काय खाल्लं यांनी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी दिलं," वागियेम म्हणाली. "मीच दिलं."

त्यांनी पुन्हा पुन्हा रक्त धुतलं. ती काचेबाहेर उभी राहून ती लाल नळी बघत राहिली. करण्यासारखं तिच्या हातात काहीच नव्हतं. कास्मुरी शुद्धीवर आला नाही.

डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटत राहिलं. जाताना तिने विचारलं, "इतकी वर्षं रोज दिला तो रस... मूत्रपिंडं त्यानेच गेली का?"

"सांगता येत नाही, बू. नुसत्या रक्तदाबानेही जातात. जन्मभर रस पिऊन ठणठणीत असलेलेही पुष्कळ आहेत."

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाले, आणि वागियेम पुन्हा रस्त्यावर बसायला लागली. दुसरं काही येत नव्हतं. आता ती चकती पुढे करायच्या आधी विचारायची, "घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का हो?" गिऱ्हाईक हात मागे घ्यायचं.

बाजूला बसणारी पारसिह वैतागली. "ताई, तुझं दुःख मला कळतं गं. पण सगळा देमाक हेच खातो. कुणाला काही होतं का? आमचा धंदा बुडवतेस तू!"

वागियेम पाटीतली फळं पुसत राहायची. पारसिहचंही खोटं नव्हतंच.

एकदा यात्रेच्या बसमधून एक तरुण उतरला. "गोड बघून द्या, बू. वडिलांना न्यायचीत. रक्तदाबावर चांगली म्हणतात ना?"

तिचा हात पाटीतच थांबला. "त्यांचे पाय सुजतात का?"

"सुजतात थोडे. वय झालं आता."

"मूत्रपिंडं तपासलीत?"

"अहो, फळं विकताय की दवाखाना चालवताय?" तो हसला आणि पारसिहकडे वळला. पारसिहने वागियेमकडे एकदा पाहिलं, नजर खाली घातली आणि पिशवी भरली.

वागियेम उठून त्याच्यामागे गेली. "बाळा, अरे ऐक, आधी डॉक्टरला विचार..." पण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि तो धावत बसमध्ये चढला. बस निघाली तेव्हा खिडकीत पिशवी मांडीवर धरून बसलेला तो तिला दिसला.