मोहाडीचे जहाज वकील

जहाज वकिलांचा उजवा हात तोंडाच्या आधी चालायचा. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मोहाडीच्या कोर्टाबाहेर एका धिप्पाड माणसाला छत्रीनं झोडपत होते. तो रेतीवाल्यांचा माणूस. त्या लोकांनी नदीतली आमची जाळी कापली होती, माझ्या बाबाचं डोकं फोडलं होतं, आणि वर हा कोर्टाच्या दारात येऊन बाबालाच दम देत होता. छत्री मोडली, मग थपडा सुरू झाल्या. माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बाबानं त्यांनाच वकीलपत्र दिलं.

समुद्र राहिला कुठल्या कुठे, आणि हे सागरी कायदा शिकून आलेले. म्हणून लोकांनी नाव ठेवलं जहाज वकील. मुंबईत एका कंपनीत त्यांना चांगली नोकरी होती. बुडून मेलेल्या खलाशाच्या बायकोची भरपाई टाळणारं पत्र लिही, असं साहेबानं सांगितलं. यांनी साहेबाच्या अंगावर खुर्ची घातली. नोकरी त्याच दिवशी गेली.

बाबाचा खटला रखडला, तोवर मी वकील होऊन सरांच्याच हाताखाली लागले. माझा अर्ज चुकला की टेबलावर असा हात आपटायचे की स्टॅम्पपॅड खाली पडायचं. राग उतरला की चहा मागवून एकच पुराण लावायचे. "सागरी कायदा शीक वो. जहाज कंपन्या आहेत, विमा आहे, बंदरं आहेत, खलाश्यायचे दावे आहेत. कामाले तोटा नाही."

"सर, आपल्याकडे कुठं आलं जहाज?"

"वैनगंगा कुठं जाते मंग? शेवटी समुद्रालेच ना?"

त्यांची लाडकी गोष्ट जहाजाच्या अटकेची. जहाजावर दावा लागला की कोर्ट माणसाला नाही, जहाजालाच अटक करतं. हुकुमाचा कागद त्यावर चिकटवला की संपलं. "गावाएवढं जहाज, पण एका कागदानं जागचं हालत नाही. थापड मारा लागत नाही!" असं म्हणून ते स्वतःच्या हाताकडे बघायचे.

शेवटी आमच्या खटल्यात मनाई हुकूम मिळाला. रेती उपसणारी बोट बंद करायची होती. हुकूम बजावणं बेलिफाचं काम, पण तोवर थांबायचा धीर सरांना कुठला? त्याच दुपारी खळीचा डबा घेऊन ते निघाले, मागे मी. आमच्या नावेतून त्या बोटीवर चढले, कागद चिकटवला आणि ओरडले, "आता हालवून दाखवा बे!"

बोटीवरचे चौघं आधी हसले. मग एकानं लोखंडी पाइप उचलला. सरांनी दोघांना लोळवलं. उरलेल्यांनी त्यांचा उजवा हात कठड्यावर दाबून धरला आणि ठेचला. पुन्हा पुन्हा ठेचला. मी नावेतून किंचाळत होते. वल्हं फेकून मारलं, तेही मेलं कुणाला लागलं नाही. कागद रक्तानं भिजला. बोटीचं इंजिन मात्र एकदाही थांबलं नाही.

हात कोपरापासून काढावा लागला. त्यांनीच माझ्यासाठी मुंबईला सागरी कायदा शिकायचा प्रवेश अर्ज आणून ठेवला होता. तो मी इस्पितळात त्यांच्यासमोर टराटरा फाडला. म्हटलं, "मी कुठं जात नाही. एकेकाला पाहून घेते!"

सर ताडकन उठले आणि डाव्या हातानं माझ्यावर थप्पड उगारली. नेम चुकला, गालावर नुसती नखं ओरखडली. "मार खायले मी पुरेसा आहो! तू तिथं जा, जिथं कागदाचं चालते. आण दुसरा फारम!" मग दोघंही रडलो.

मी गेले. शिकले. आता तेच काम करते. गेल्या वर्षी पहिल्यांदा कोर्टाच्या माणसाबरोबर निघायच्या तयारीतल्या एका जहाजावर चढले. उजवा हात मी पदराखाली धरला होता, का ते सांगायला नको. कप्तानानं कागद वाचला, मान हलवली आणि निघायचं थांबवलं. बस्स, एवढंच. मला आनंद व्हायचा तर असा संताप आला!

खाली उतरताच सरांना फोन लावला. "सर, कागद चिकटवला."

"मारलं काय कोणी?"

"नाही. कप्तानानं चहा पाजला."

"आन् जहाज?"

"उभं आहे सर. जागचं हाललं नाही."

सर अगदी हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा एकदा सांग वो पोरी."