देव्हाऱ्यातला शेवटचा टाक

आई जाण्याच्या आदल्या वर्षी मी तिच्या आईचा शोध घ्यायला लागले. आई अगदी तान्ही असताना ती वारली होती. आजोबांनी दुसरं लग्न केलं, सावत्र आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, माझ्या आईला जीव लावून वाढवलं, पण पहिलीचा विषय घरात कोणी काढत नसे. फोटो नव्हता. तिच्या वयाचं माणूसही गावात उरलं नव्हतं. म्हातारपणी माझ्या आईला एवढंच हवं होतं, तिच्या आईचं काहीतरी हातात यावं.

कोकणात खेपा घातल्यावर तिथल्या कचेरीतल्या जुन्या मृत्यूनोंदींमध्ये एक ओळ सापडली. नाव, नवऱ्याचं नाव, अंदाजे वय, कारण ताप. मुलुंडला परत येऊन ती नक्कल मी आईला वाचून दाखवली. तिनं पुन्हा वाचायला लावली.

"दिसायला कशी होती, ते लिहीत नाहीत का गं?"

"नाही गं आई."

"हं. सरकारला काय करायचंय त्याच्याशी."

दिवाळीनंतर आई गेली. सुतक फिटल्यावर मी देव घासायला काढले. आईची सावत्र बहीण, माझी मावशी, चारकोपहून येऊन राहिली होती. चांदीच्या टाकांना मी टूथपेस्ट लावतेय हे बघून ती म्हणाली, "एवढी पुस्तकं वाचतेस आणि देवांचे दात घासतेस होय गं?" आई गेल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

शेवटचा टाक तिनं माझ्या हातातून घेतला. पत्र्यावर उठवलेली बाईची लहानशी आकृती, वर दोरा ओवायला कडी.

"ही आईची लाडकी देवी," मी म्हटलं. "आजीनं जाताना हातात दिली ना, 'हिका सांभाळ' म्हणून."

"देवी कुठली? सवतीचा टाक हा. माझी आई दुसरेपणावर आलेली. पहिलीचा टाक करून गळ्यात घालायचा, नवी साडी आधी तिला दाखवायची, मग आपण नेसायची, अशी रीत होती. आई तो चोळीच्या आत ठेवायची, ताईला दिसू नये म्हणून. आजारपणात आंघोळ घालताना मी पाहिला, तेव्हा तिनं सांगितलं." माझा चेहरा बघून ती थांबली. "ताईला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, म्हणूनच ती रोज पुजते."

जिला शोधत मी गावोगाव फिरत होते ती इथेच होती, आमच्या स्वयंपाकघरात, लंगड्या बाळकृष्णाशेजारी. आई तिला रोज आंघोळ घालायची, कुंकू लावायची, तिच्यासमोर दुधाची वाटी ठेवायची. मावशीनं सांगितलं असतं तर, आजी अजून एक वाक्य बोलली असती तर. पण कोणाला काय म्हणणार? प्रत्येकीनं दुसरीचं मन जपलं होतं.

मी टाक खिडकीपाशी नेला. साडीच्या निऱ्या कळत होत्या, हात कळत होते. चेहऱ्याच्या जागी मात्र चांदी सपाट झाली होती. सोनार काही माणूस समोर बसवून टाक घडवत नाही, हे मला कळतं. तरी त्या चेहऱ्याला नाक असेल, डोळे असतील. इतकी वर्षं रोज सकाळी, देवी लखलखीत दिसावी म्हणून, आई अंगठ्यानं तिथेच घासत आली होती.

आता तो टाक मी नुसत्या पाण्यानं धुते. काळा पडत चाललाय. पडू दे.